बेम्बा भाषकांची रोजची बोली आणि रूढ वाक्प्रयोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी, व्यापार, अध्यापन किंवा प्रवास यांच्या निमित्ताने झांबियात जाणाऱ्या मराठी वाचकांना बेम्बा भाषेविषयी पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. व्याकरण शिकवण्याचा हेतू नाही. रस्त्यावर, बाजारात, कचेरीत आणि घराच्या उंबरठ्यावर काय बोलले जाते आणि ते कोणी कोणाला म्हणायचे असते, एवढाच विषय आहे. शब्द देवनागरीत शक्य तितके उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत.

बेम्बा ही भाषा नेमकी कोण बोलते?

बेम्बा ही बांटू कुळातील भाषा असून झांबियाच्या उत्तर, मुचिंगा, लुआपुला आणि कॉपरबेल्ट या प्रांतांत, तसेच सीमेपलीकडे काँगोच्या कटांगा भागात ती बोलली जाते. २०१० च्या जनगणनेत झांबियातील सुमारे एक तृतीयांश लोकांनी बेम्बा ही आपली प्रमुख बोलभाषा असल्याचे सांगितले होते. मात्र बेम्बा बोलणारा प्रत्येक माणूस बेम्बा जमातीचाच असतो असे समजू नये. चितिमुकुलू या सर्वोच्च राजाला मानणारे मूळचे बेम्बा लोक उत्तर प्रांतातील कासामा या शहराच्या आसपासच्या प्रदेशातले. परंतु बिसा, औशी, लाला, लाम्बा अशा अनेक जमातींच्या लोकांचाही रोजचा व्यवहार याच भाषेतून किंवा तिच्या अगदी जवळच्या बोलीतून होतो.

राजधानी लुसाकाचे चित्र वेगळे आहे. तेथील रस्त्याची भाषा न्यांजा. विमानतळावरून बाहेर पडताच ऐकू येणारे ‘मुली ब्वांजी’ हे अभिवादन बेम्बाचे नसून न्यांजाचे आहे. कॉपरबेल्टमधील किट्वे, एन्डोला, मुफुलिरा किंवा चिंगोला या शहरांत त्याच ठिकाणी ‘मुली शानी’ म्हटले जाते. चुकीच्या गावात चुकीचे अभिवादन केल्याने कोणी रागावत नाही, पण आपण लुसाकाहून आलो आहोत हे समोरच्याला लगेच कळते.

शब्द वाचून जसे वाटतात तसे ऐकू येत नाहीत, असे का होते?

बेम्बा रोमन लिपीत लिहितात आणि त्या लिपीतील ‘सी’ या अक्षराचा उच्चार तेथे ‘च’ असा होतो. अलीकडच्या लेखनात काही जण त्याला ‘एच’ जोडतात, काही जोडत नाहीत, म्हणून एकच शब्द दोन रूपांत दिसतो. ‘ब’ हा वर्ण ‘म’च्या पुढे नसेल, तर ओठ पूर्ण न मिटता उच्चारला जातो आणि आपल्या कानाला तो ‘ब’ आणि ‘व’ यांच्या मधला वाटतो. मराठी माणसाची सोय एका बाबतीत मात्र झालेली आहे: आपल्या वर्णमालेत असूनही जो ‘ङ’ आपण सुटा कधी वापरत नाही, तो बेम्बात शब्दाच्या आरंभीही येतो. मगरीला बेम्बात ‘ङ्वेना’ म्हणतात.

दिवसभरात कोणकोणती अभिवादने वापरावीत?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर वेळेपेक्षा समोरचा माणूस काय करीत आहे यावर अधिक अवलंबून आहे. सकाळी ‘म्वाशिबुकेनी’ म्हणतात. त्यात झोपेतून उठण्याचा अर्थ आहे. काम करीत असलेल्या माणसाच्या जवळून जाताना ‘म्वाबोम्बेनी’ म्हणतात. त्याच्या श्रमांची ती दखल असते. नुकत्याच आलेल्या पाहुण्याला ‘म्वाइसेनी’ म्हणून घरात घेतात. केव्हाही चालणारे, जरा जुन्या वळणाचे अभिवादन म्हणजे ‘म्वापोलेनी’. प्रसूत झालेल्या बाईला ‘म्वापुसुकेनी’ म्हणतात. ती संकटातून सुखरूप पार पडली हे त्यातून मान्य केले जाते. या सगळ्यांचा साचा एकच आहे: आरंभी ‘म्वा’, शेवटी ‘एनी’ आणि मध्ये ती व्यक्ती जे करून आली किंवा करीत आहे त्याचे क्रियापद. हा साचा एकदा कानात बसला, की पूर्वी न ऐकलेले अभिवादनही ओळखता येते. बहुतेकांना ‘एया मुक्वाइ’ हे उत्तर चालते.

‘मुली शानी?’ म्हणजे ‘कसे आहात?’ आणि त्याचे नेहमीचे उत्तर ‘ब्विनो’ किंवा ‘न्दी फ्ये ब्विनो’, अर्थात ‘मी ठीकच आहे’. त्यानंतर ‘न्गा इम्वे?’ म्हणजे ‘आणि आपण?’ असे विचारल्याशिवाय देवाणघेवाण पूर्ण होत नाही. दुकानात शिरून सरळ किंमत विचारणे किंवा कचेरीत शिरून सरळ कामाचे बोलणे तेथे उद्धटपणाचे समजले जाते. परदेशी माणसाविषयी होणारी सर्वांत सामान्य तक्रार भाषा न येण्याची नसते. तो विचारपूस न करता बोलायला लागतो, याची असते.

कोणाच्या घरी जाताना दारावर थाप मारण्यापेक्षा बाहेरूनच ‘ओदी!’ असा आवाज देण्याची रीत आहे. आतून ‘कालीबू’ असे उत्तर आले की आत जावे. हे दोन्ही शब्द स्वाहिलीशी नाते सांगणारे आहेत. निघताना मागे राहणाऱ्यांना ‘शालेनीपो’, एकट्या जवळच्या माणसाला ‘शालापो’, आणि रात्री ‘सेन्दामेनीपो’ म्हणतात.

‘इवे’ आणि ‘इम्वे’ यांत चूक झाली तर ती किती गंभीर मानतात?

‘इवे’ म्हणजे तू आणि ‘इम्वे’ म्हणजे तुम्ही. मराठी भाषकाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही, कारण आदरार्थी अनेकवचनाची सवय आपल्या जिभेला आहेच. बेम्बात ते आपल्यापेक्षा अधिक काटेकोरपणे पाळले जाते. वयाने मोठ्या माणसाला ‘उली शानी?’ असे एकवचनी विचारणे हा उघड अनादर आहे, ‘मुली शानी?’ हेच योग्य. ‘इवे!’ अशी नुसती हाक भांडणाच्या सुरात वापरली जाते, तशीच लहान मुलांना दटावताना आणि घट्ट मित्रांच्या गप्पांतही वापरली जाते. सूर ओळखता येईपर्यंत नवख्याने ती टाळावी.

नावापूर्वी ‘बा’ लावला की आदर होतो. मुलेन्गा नावाच्या शेजाऱ्याला ‘बा मुलेन्गा’ म्हणतात आणि त्याच्याविषयी बोलताना क्रियापदही अनेकवचनी येते. हा ‘बा’ इतका पक्का आहे की झांबियातील इंग्रजीतही तो शिरला आहे: ‘बा टीचर’, ‘बा डॉक्टर’, ‘बा बॉस’, ‘बा आंटी’.

‘मुक्वाइ’ या शब्दाचा अर्थ काय?

त्याला एका शब्दात अर्थ देता येत नाही. ‘महाराज’, ‘साहेब’, ‘बाई’, ‘बरं का’, ‘जी’ या सर्वांचे काम तो एकटा करतो आणि स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही. ‘एया मुक्वाइ’ म्हणजे नम्र होकार, ‘आवे मुक्वाइ’ म्हणजे नम्र नकार, ‘नातोतेला मुक्वाइ’ म्हणजे मनापासून आभार. शहरात आभारासाठी ‘नाताशा’ हाही शब्द ऐकू येतो. फोनवर नुसते ‘मुक्वाइ?’ म्हटले तर ‘काय म्हणालात?’ असाही अर्थ होतो. बेम्बातील एकच शब्द पाठ करण्याइतका वेळ असेल, तर तो हा करावा.

विनंती मऊ करण्यासाठी क्रियापदाच्या शेवटी ‘को’ जोडतात. ‘न्जाफ्वेनीको’ म्हणजे ‘जरा मदत करता का’. शेवटचा ‘को’ गाळला तर त्याच वाक्याला आज्ञेची धार येते.

अनोळखी माणूस मला ‘तात’ किंवा ‘मायो’ का म्हणतो?

‘तात’ म्हणजे वडील आणि ‘मायो’ म्हणजे आई. परंतु त्या वयाच्या कोणत्याही स्त्री-पुरुषाला ‘बातात’ किंवा ‘बामायो’ म्हणणे हा साधा शिष्टाचार आहे. आईच्या बहिणी या ‘मायो’च असतात, मोठी किंवा धाकटी एवढाच भेद करतात, वडिलांचे भाऊ तसेच ‘तात’. याउलट आईच्या भावाला ‘यामा’ आणि वडिलांच्या बहिणीला ‘मायोसेन्गे’ असे स्वतंत्र शब्द आहेत. बेम्बा समाज मातृवंशीय असल्यामुळे कुळ आईकडून चालते, आणि मामाचे वजन आपल्याकडच्या मामापेक्षा पुष्कळ अधिक असते. भाच्याच्या लग्नापासून वारशापर्यंत त्याचे मत विचारले जाते.

मूल झाल्यावर आईवडिलांना मुलाच्या नावाने ओळखू लागतात. चान्दाची आई ती ‘बाना चान्दा’ आणि वडील ते ‘बाशी चान्दा’. नवऱ्याने बायकोला आणि बायकोने नवऱ्याला चारचौघांत याच नावाने हाक मारावी असा संकेत आहे. आपल्या जुन्या पिढीतल्या ‘बाळूची आई’ आणि ‘अहो, बाळूचे बाबा’ या हाका ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना यात काहीच परके वाटणार नाही.

शहरी बेम्बा म्हणजे काय? ती अशुद्ध भाषा आहे का?

गेल्या शतकाच्या विशीत आणि तिशीत कॉपरबेल्टमध्ये तांब्याच्या मोठ्या खाणी उभ्या राहिल्या आणि उत्तरेकडच्या बेम्बा प्रदेशातून, तसेच इतर अनेक भागांतून मजूर तेथे आले. वेगवेगळ्या भाषा बोलणारी माणसे एका चाळवजा वस्तीत राहू लागली. खाणीत गोरे मुकादम ‘चिलापालापा’ नावाची, झुलू आणि इंग्रजी यांच्या मिश्रणातून घडलेली हुकमाची भाषा वापरत. वस्तीत मात्र बेम्बा पसरली आणि तिने इंग्रजी, न्यांजा, स्वाहिली, चिलापालापा या सर्वांकडून हवे ते उचलले. या बोलीला अभ्यासक शहरी बेम्बा म्हणतात. बोलणारे तिला ‘चिकोपाबेल्टी’ म्हणतात आणि कॉपरबेल्टला लाडाने ‘कोपाला’.

तिला अशुद्ध म्हणणारे लोक कासामाकडे बरेच भेटतात. त्यांचे म्हणणे पटत नाही. परका शब्द उचलला तरी त्याला बेम्बाचेच प्रत्यय लावायचे, हा या बोलीचा नियम ती सहसा मोडत नाही: रंग देणे ‘उकुपेन्ता’, सही करणे ‘उकुसाइना’, शाळा ‘इसुकुलू’. किट्वेच्या पॉवर डायनामोज या फुटबॉल संघाच्या पिवळ्या पोशाखावरून त्याला ‘आबा येलो’ म्हणतात. विशेषण इंग्रजी, पण ‘ती पिवळी मंडळी’ असे अनेकवचन करणारा ‘आबा’ अस्सल बेम्बा. राष्ट्रीय संघाला ‘चिपोलोपोलो’, म्हणजे बंदुकीची गोळी, हे नाव आहे आणि २०१२ मध्ये लिब्रव्हिल येथे आयव्हरी कोस्टला पेनल्टींवर हरवून त्याने आफ्रिका चषक जिंकला, तेव्हा ते नाव जगभर पोचले.

वयस्क माणसाला किंवा वरिष्ठाला ‘मुदाला’ म्हणतात. हा शब्द चिलापालापातून आला. मित्राला ‘बोई’. आदराने ‘बामुदाला’ म्हटले तर पन्नाशीचा दुकानदार खूश होतो. हाच शब्द गावातल्या वृद्धाला किंवा चर्चमधल्या वडीलधाऱ्याला वापरू नये; तेथे ‘बाशिकुलू’, म्हणजे आजोबा, हे अधिक शोभते.

‘दोन्ची कुबेबा’ हे वाक्य सर्वांच्या तोंडी का असते?

२० सप्टेंबर २०११ रोजी झालेल्या निवडणुकीत मायकेल साटा यांच्या पॅट्रिऑटिक फ्रंट या पक्षाने ही घोषणा वापरली. ‘दोन्ची’ हा इंग्रजी ‘डोन्ट’चा बेम्बा उच्चार आणि ‘कुबेबा’ म्हणजे ‘त्यांना सांगणे’. अर्थात ‘त्यांना सांगू नका’. सत्ताधारी पक्ष वाटत असलेल्या भेटवस्तू खुशाल घ्या, मत कोणाला देणार हे मात्र बोलू नका, असा त्यातला मथितार्थ होता. शुद्ध बेम्बात ‘म्विबेबा’ एवढा एकच शब्द पुरला असता, पण त्यात ती गंमत आली नसती. साटा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. घोषणा निवडणुकीनंतरही टिकली आणि गुपित ठेवायच्या कोणत्याही गोष्टीला, अगदी वाढदिवसाच्या बेतालाही, ती लावली जाऊ लागली.

राजकारण हा शहरी बोलीचा मोठा कारखाना आहे. त्याच पक्षाचे चिन्ह होडी असल्यामुळे ‘पाब्वातो’, म्हणजे ‘होडीत’, हे समर्थकांमधले अभिवादन झाले होते. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या हाकाइन्डे हिचिलेमा यांना समर्थक ‘बॅली’ म्हणत. तरुणांच्या बोलीत त्याचा अर्थ वडील किंवा बाप माणूस असा आहे. अशा घोषणा पक्षाची खूण असतात, म्हणून पाहुण्याने त्या समजून घ्याव्यात, उच्चारू नयेत.

तरुणांच्या तोंडी कोणते लहान शब्द सतत येतात?

‘वालासा!’ म्हणजे ‘नेम बरोबर लागला’. कोणी मुद्द्याचे बोलले की ही दाद मिळते. ‘वाप्या!’ म्हणजे शब्दशः ‘भाजलास’, आणि व्यवहारात ‘सापडलास, आता तुझे काही खरे नाही’. ‘वाफ्या!’ असे उच्चारले तर अर्थ बदलतो: ‘तू फार त्रासदायक आहेस’. प्या आणि फ्या यांतला फरक कानाला लवकर बसत नाही, पण दोन्ही मित्रांतच म्हणायचे असल्याने गोंधळ झाला तरी हसण्यावारी जातो. ‘निनाका’ म्हणजे ‘थकलो’, आणि कंटाळा आला तरी तेच. आश्चर्य किंवा वैताग यांसाठी ‘याबा!’, ‘आला!’, ‘मायो!’ आणि सर्वांना उद्देशून ‘म्वेबान्तु!’, म्हणजे ‘अहो लोकहो!’

‘आती’ या शब्दाकडे मराठी माणसाने विशेष लक्ष द्यावे. ऐकीव गोष्ट सांगताना आपण ‘म्हणे’ वापरतो, जबाबदारी दुसऱ्यावर ठेवतो आणि वर किंचित संशयही दाखवतो. ‘आती’ नेमके हेच करतो. ‘आती शानी?’ म्हणजे ‘काय म्हणतोस?’ तसाच ‘कान्शी’ हा दुसरा शब्द, जो आपल्या ‘म्हणजे असं होतं तर!’ या उद्गाराच्या जागी चपखल बसतो.

बाजारात कोणते शब्द लागतील?

अभिवादन झाल्यावर ‘नी शिन्गा?’ म्हणजे ‘केवढ्याला?’ आणि घासाघीस करायची असेल तर ‘चेफ्येनीको’ म्हणजे ‘जरा कमी करा’. खरेदी झाल्यावर विक्रेती मूठभर टोमॅटो किंवा शेंगा वर घालते, त्याला ‘म्बासेला’ म्हणतात आणि तो मागण्यात लाज नाही. पैशाला ‘इन्दालामा’ किंवा ‘इम्पिया’ म्हणतात. पहिला शब्द अरबी दिरहमपासून आणि दुसरा रुपयापासून, स्वाहिलीमार्गे आलेला आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर भारतीय रुपया चालत असे, त्याची ही खूण.

टपरीवजा दुकान म्हणजे ‘कान्तेम्बा’. जुन्या कपड्यांच्या ढिगाऱ्याला आणि त्या सगळ्या व्यापाराला ‘सालाउला’ म्हणतात; ढिगातून उपसून निवडणे हा त्याचा मूळ अर्थ. बसतळावर प्रवाशांना ओढणारे, मोठ्याने ओरडणारे तरुण ते ‘कापोन्या’; हा शब्द त्यांच्या तोंडावर वापरू नये. कॉपरबेल्टमध्ये खनिजाचा बेकायदा व्यापार करणाऱ्यांना ‘जेराबो’ म्हणतात. ‘तुजिलिजिली’ म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या पुड्यांतली कडक दारू. २०१२ मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली, शब्द मात्र राहिला.

जेवणाच्या वेळी काय म्हणावे?

मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीला बेम्बात ‘उब्वाली’ म्हणतात आणि तोंडीलावण्याला ‘उमुनानी’. पोट भरले की ‘निन्जिकुता’ म्हणावे. शाकाहारी वाचकांसाठी ‘इफिसाशी’, म्हणजे शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेली पालेभाजी, हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘इफिन्कुबाला’ म्हणजे मात्र सुरवंट.

दोन जमातींची माणसे एकमेकांना उघड उघड टोमणे मारताना दिसतात. ते भांडण असते का?

बहुधा नाही. एकोणिसाव्या शतकात बेम्बा आणि एन्गोनी यांच्यात लढाया झाल्या आणि त्या वैराचे पुढे थट्टेच्या नात्यात रूपांतर झाले. एन्गोनी माणूस बेम्बाला माकडे खाणारा म्हणतो, बेम्बा त्याला उंदीर खाणारा म्हणतो आणि दोघेही एकमेकांना आपला गुलाम ठरवतात. ही थट्टा कचेरीत, संसदेत आणि अंत्यविधीतही चालते; किंबहुना शोकघरी अशी थट्टा करून वातावरण हलके करणे हे त्या ‘भावंडांचे’ कर्तव्यच मानतात. बेम्बांच्या कुळाकुळांतही असेच नाते असते. बाहेरच्या माणसाला या थट्टेत भाग घेण्याचा हक्क नाही. तेच वाक्य त्याच्या तोंडून आले तर तो जमातीचा अपमान होतो.

भारतीयांना ‘म्वेन्ये’ म्हणतात, त्याचा राग मानावा का?

‘म्वेन्ये’, अनेकवचनी ‘बाम्वेन्ये’, हा भारतीयांसाठीचा रूढ शब्द आहे, जसा गोऱ्यांसाठी ‘मुसुन्गू’. झांबियात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले भारतीय मुख्यतः गुजराती व्यापारी असल्यामुळे या शब्दाला दुकानदारीचा वास आहे. २००४ मध्ये वेदान्त समूहाने चिंगोला येथील कोंकोला कॉपर माइन्स या खाण कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतल्यानंतर अभियंते आणि अधिकारीही त्याच शब्दाखाली आले. ‘बाम्वेन्ये, मुली शानी?’ यात वावगे काही नाही, कारण आदराचा ‘बा’ तेथे आहे. ‘इवे म्वेन्ये!’ यात मात्र आहे. राग शब्दाचा मानण्यापेक्षा त्याच्या आधी काय जोडले आहे ते ऐकावे. आपले नाव सांगून ‘बा’ लावून घेणे हा उत्तम उपाय, आणि तो बहुतेक वेळा लागू पडतो.

म्हणींचा वापर अजून होतो का?

होतो, आणि शहरातही होतो. ‘उम्वाना आशेन्दा आताशा न्यीना उकुनाया’: जे मूल कधी प्रवासाला गेले नाही, ते आपल्या आईच्याच स्वयंपाकाची तारीफ करते. ‘उमुन्वे उमो ताउसाला इन्दा’: एका बोटाने उवा निघत नाहीत. ‘इमिती इकुला एम्पान्गा’: वाढणारी रोपटी हेच रान, तरुणांविषयीच्या भाषणांत ही हमखास येते. पाहुण्याने योग्य जागी एखादी म्हण वापरली तर मिळणारी दाद दहा अपशब्द शिकून मिळत नाही. अपशब्दांपैकी ‘माम्बाला’, म्हणजे लबाड, हा ऐकू येतो. आईच्या शरीरावरून दिल्या जाणाऱ्या शिव्याही आहेत, आणि त्यांवरून खरोखरीच्या मारामाऱ्या होतात. तरुण सहकाऱ्यांनी गमतीने शिकवल्या तरी त्या उच्चारू नयेत.

‘माइलो’ म्हणजे काल की उद्या?

दोन्ही, हिंदीतल्या ‘कल’सारखेच. क्रियापदाच्या रूपावरून ते उलगडते: ‘तुकामोनाना माइलो’ म्हणजे ‘उद्या भेटू’. कामाची भेट ठरवताना मात्र वाराचे नाव विचारून घ्यावे. सोमवार ‘पाली चिमो’, म्हणजे पहिला, मंगळवार ‘पाली चिबिली’, बुधवार ‘पाली चितातू’, गुरुवार ‘पाली चिने’, शुक्रवार ‘पाली चिसानो’. शनिवार ‘पा चिबेलुशी’ आणि रविवार ‘पा मुलुन्गू’.